कुमरी, दळी आणि राब : सह्याद्रीतील फिरत्या शेतीचे रूपांतर

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, कानडा जिल्ह्यापासून गोव्यातून थेट ठाणे-कुलाब्यापर्यंत, शेतीची एक पद्धती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास प्रचारात होती. रानाचा एक तुकडा तोडावयाचा, तोडलेली झाडी उन्हात वाळू द्यावयाची, पावसापूर्वी ती जाळावयाची, राखेत नाचणी किंवा वरी पेरावयाची आणि एकदोन पिके घेऊन झाल्यावर तो तुकडा पुन्हा रानाच्या स्वाधीन करावयाचा, असे तिचे स्थूल स्वरूप होते. कानड्यात तिला कुमरी म्हणत, गोव्यात कुमेरी आणि उत्तर कोकणात दळी. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत ह्या सर्वांना मिळून 'फिरती शेती' किंवा 'स्थलांतरित शेती' असे एकच नाव आढळते. हे नाव सोयीचे आहे खरे. परंतु ते शेती करणाऱ्याचे नाही, तिच्याकडे बाहेरून पाहणाऱ्याचे आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

शब्दांचा हा भेद वरवरचा नव्हे. 'फिरणे' हा अर्थ शासनाच्या कागदांतून आलेल्या शब्दांत जसा ठळक आहे, तसा लोकभाषेतील शब्दांत सहसा दिसत नाही. ब्रह्मी भाषेतील 'टाउंग्या' हा शब्द डोंगर आणि शेत ह्या दोन घटकांचा बनलेला आहे. मानवशास्त्राच्या ग्रंथांत रूढ झालेला 'स्विडन' हा शब्द उत्तर इंग्लंडच्या बोलीतून उचललेला असून त्याचा अर्थ जाळून मोकळी केलेली जागा असा होतो. 'हॉब्सन-जॉब्सन' ह्या कोशात कुमरी ह्या कानडी शब्दाचे मूळ मराठी 'कुंबरी' ह्या शब्दात दाखविले आहे आणि त्याचा अर्थ निकस मातीचा डोंगरउतार असा दिला आहे. म्हणजे हे शब्द एक तर जागेचे वर्णन करतात किंवा कृतीचे. शेतकरी फिरतो, ही कल्पना त्यांत नाही. आणि पुष्कळ ठिकाणी तो फिरतही नसे. वस्ती जागच्या जागी राही आणि तिच्या भोवतीचे तुकडे पाळीपाळीने तोडले जात. फिरत असे ते शेत.

कुमरी ह्या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मात्र थोडी सावधगिरी बाळगावयास हवी. कानडी, तुळू, कोंकणी आणि मराठी ह्या चार भाषा जेथे शतकानुशतके एकमेकींत मिसळत आल्या, तेथे एखादा शब्द कोणी कोणाकडून घेतला याचा निर्णय केवळ ध्वनिसाम्यावरून होत नाही. 'हॉब्सन-जॉब्सन'मधील मताला एक गोष्ट अनुकूल आहे. दक्षिण कानड्यात कुमरी करणाऱ्या जमातींत मलेकुडियांबरोबर कुडुबी आणि मराठी ह्या नावांच्या जमाती प्रमुख होत्या. कुडुबींची बोली कोंकणीचाच एक प्रकार असून ते आपले मूळ गोव्याकडे सांगतात. उत्तरेस सुपे भागातील कुणब्यांचीही बोली मराठी-कोंकणीच्या सीमेवरची आहे. शेतीची रीत आणि तिचे नाव ही दोन्ही उत्तरेकडून आलेल्या लोकांबरोबर दक्षिणेस गेली असावीत, असा तर्क यावरून करता येतो. तो तर्कच आहे, पुरावा नव्हे.

ह्या शेतीचे कामकाज कसे चाले, याची जुनी वर्णने उपलब्ध आहेत. फ्रान्सिस बुकॅनन याने १८००-०१ मध्ये म्हैसूर, कानडा आणि मलबार ह्या प्रदेशांतून प्रवास केला आणि १८०७ मध्ये आपले प्रवासवृत्त प्रसिद्ध केले. त्यात कुमरीचा उल्लेख आहे. पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे रत्नागिरी-सावंतवाडी (१८८०), ठाणे (१८८२), कुलाबा आणि कानडा (१८८३) हे खंड निघाले, तोवर ही शेती मोडकळीस आली होती. ह्या सर्व साधनांतून जे चित्र उभे राहते त्यात दोन गोष्टी ठळक आहेत. पहिली गोष्ट अवजारांची. कुमरीला कोयता आणि कुऱ्हाड लागे. नांगर व बैल लागत नसत. उतारावर नांगर चालविला तर माती सैल होऊन पावसात वाहून जाते. उलट राखेत बी फेकले किंवा टोकले आणि बुंधे व मुळे जमिनीत तशीच राहू दिली, तर माती बरीच धरून राहते. शिवाय ह्याच बुंध्यांना पुढे धुमारे फुटून रान परत येई. दुसरी गोष्ट काळाची. पहिल्या वर्षी नाचणीचे पीक चांगले येई, दुसऱ्या वर्षी ते उतरे, तण माजे आणि मग तो तुकडा दहाबारा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ सोडून द्यावा लागे. राखेतून मिळणारे क्षार हे अनेक वर्षांच्या वाढीतून झाडांनी साठविलेले भांडवल होय. ते एकदोन पिकांत संपते आणि पुन्हा साठण्यास काळ लागतो.

ह्या हिशेबात जमिनीचे क्षेत्र आणि विश्रांतीचा काळ यांचा संबंध थेट आहे. एखादे कुटुंब प्रत्येक तुकडा दोन वर्षे कसून बारा वर्षे सोडीत असेल, तर चौदा वर्षांच्या फेऱ्यासाठी त्याला सात तुकडे लागतात. त्यांपैकी चार तुकडे राखीव रानात गेले तर उरलेल्या तीन तुकड्यांवर फेरा सहा वर्षांत पुरा होतो आणि जमिनीला विश्रांती मिळते ती अवघी चार वर्षे. एवढ्या काळात झुडपे वाढतात, रान वाढत नाही. राख कमी पडते, तण मरत नाही, पीक घटते आणि घट भरून काढण्यासाठी आणखी मोठा तुकडा तोडावा लागतो. कुमरीने रान उजाड होते हा आक्षेप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या अधिकाऱ्यांनी घेतला, ते डोळ्यांना दिसणारे सत्यच सांगत होते. तथापि जी कुमरी ते पाहत होते, ती कित्येक ठिकाणी त्यांच्याच सीमारेषांनी आखडलेली कुमरी होती, ही गोष्ट त्यांच्या अहवालांत क्वचितच येते. एस्टर बोसेरुप यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात लोकसंख्या वाढली की पडीक काळ आखडतो आणि शेती अधिक श्रमाची होते, असा सिद्धांत मांडला. सह्याद्रीला तो जसाच्या तसा लावता येत नाही. येथे पडीक काळ आखडला त्यात माणसांच्या संख्येइतकाच, किंबहुना अधिक, वाटा रानाच्या हद्दीचा होता.

ही हद्द कशी आली हे पाहताना प्रथम महसुलाकडे वळावे लागते. डोंगरी मुलखात कर जमिनीच्या मापावर न बसविता नांगर, कुदळ किंवा कोयता ह्या अवजारावर बसविण्याची रीत पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी होती. ही रीत अडाणीपणाची वाटली तरी कुमरीच्या दृष्टीने ती समंजस होती. शेत दरवर्षी बदलत असेल तर शेत मोजून उपयोग काय? मोजावयाचे ते हात. १८३५ च्या सुमारास इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी जमीन-पाहणी सुरू केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने जिला नियमबद्ध रूप आले, तिचा पाया नेमका उलट होता. प्रत्येक शेताला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला चतुःसीमा, प्रत्येक चतुःसीमेला आकार. देशावरील शेतकऱ्याला ह्या पद्धतीने काही काळ तरी स्थैर्य दिले. जे शेत दर दोन वर्षांनी जागा सोडते, त्याला मात्र ह्या पुस्तकात रकाना नव्हता. रकान्याबाहेर राहिलेली जमीन पडीक ठरली आणि पडीक ती सरकारची ठरली. कुमरीवर बंदी येण्यापूर्वीच तिची जमीन अशा रीतीने कागदावर बेवारस झाली होती.

त्यानंतरचे टप्पे सुपरिचित आहेत. १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. १८५६ मध्ये मद्रासेत ते पद ह्यू क्लेगहॉर्न यांच्याकडे आले. दोघेही वैद्यकाकडून वनस्पतिशास्त्राकडे वळलेले. रान तुटले की झरे आटतात आणि नद्यांची मुखे गाळाने भरतात, ही त्यांची चिंता प्रामाणिक होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्याच दशकात मुंबईहून आगगाडी निघाली (१८५३) आणि रुळांखालच्या लाकडांची मागणी एकाएकी वाढली. जहाजबांधणीला साग आधीपासून लागतच होता. ज्या रानात कुमरी होई, त्याच रानात साग आणि शिसव होते. १८६० मध्ये मद्रास सरकारने पूर्वपरवानगीवाचून सरकारी रानात कुमरी करण्यास मनाई केली. कानड्यात 'सरकार कुमरी' आणि 'वर्ग कुमरी' असा भेद होता. वर्ग म्हणजे खातेदाराची नोंदलेली जमीनदारी; तिच्यात मोडणाऱ्या कुमरीला काही संरक्षण मिळाले, सरकार कुमरीला मिळाले नाही. १८६२ मध्ये उत्तर कानडा मुंबई इलाख्यात आला आणि निर्बंधही त्याच्याबरोबर आले. ज्याच्यापाशी कागद होता त्याची कुमरी टिकली, ज्याच्यापाशी केवळ कोयता होता त्याची गेली. झाक पुशपदास यांनी दक्षिण कानड्यातील कुमरीविषयीच्या १९९५ च्या निबंधात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या वृत्तीचा जो मागोवा घेतला आहे, तो ह्या संदर्भात आवर्जून वाचण्यासारखा आहे.

उत्तर कोकणात ह्याच प्रश्नाने वेगळे वळण घेतले, आणि त्याचे कारण राब हे होय. भाताची रोपे ज्या वाफ्यात तयार करावयाची, तेथे झाडांचे टहाळ, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर देऊन उन्हाळ्याच्या अखेरीस तो वाफा भाजतात. राब जाळणे आणि दळी जाळणे ह्या दोन क्रिया नात्याच्या आहेत. फरक एवढाच की दळीत शेत रानाकडे जाते, राबात रान शेताकडे आणले जाते. हॅरल्ड मान, जोशी आणि कानिटकर यांनी १९१२ मध्ये पश्चिम हिंदुस्थानातील राबपद्धतीवर शास्त्रीय टिपण प्रसिद्ध केले. केवळ राखेचे खत म्हणून राबाकडे पाहणे अपुरे आहे, माती भाजण्याचाही रोपांवर परिणाम होतो, ही गोष्ट अशा अभ्यासांमुळे पुढे आली. त्याआधी कित्येक वर्षे सरकारी वर्तुळांत राब म्हणजे लाकडाची नासाडी, असेच समीकरण होते.

१८७८ च्या वनकायद्यानंतर राने आखली जाऊ लागली तेव्हा टहाळ तोडण्यावर निर्बंध आले आणि ठाणे-कुलाब्यात मोठा असंतोष माजला. ह्या असंतोषाची चौकशी करण्यासाठी १८८५ मध्ये मुंबई सरकारने वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये बाहेर आला. टहाळाच्या प्रश्नावर खातेदारांना काही सवलती पदरात पाडून घेता आल्या. येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. राबाची मागणी करणारे भातशेतीचे खातेदार होते; त्यांच्या बाजूने अर्ज लिहिणारे, सभा भरविणारे, वृत्तपत्रांत मजकूर देणारे लोक होते. दळी करणारे कातकरी, ठाकूर आणि वारली यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते. एकाच आगीची दोन रूपे. एकीला आयोग मिळाला, दुसरीला बहुतांशी मेहेरबानीवर राहावे लागले.

वरकस जमिनीचा इतिहास ह्या दोहोंच्या मध्ये बसतो. भातखाचरांच्या वरच्या उतारावरील हलक्या जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी खुरासणी घ्यावयाची आणि नंतर काही वर्षे ती टाकून ठेवावयाची, ही फेरपालट कोकणात सर्वत्र परिचित आहे. नीट पाहिले तर हे कुमरीचेच चक्र आहे, पण ठरावीक चतुःसीमेच्या आत फिरणारे. शेत फिरावयाचे थांबले, पिके फिरू लागली. फिरती शेती कोकणातून नाहीशी झाली असे विधान करणाऱ्यांनी वरकसाकडे पुन्हा एकदा पाहावे. ती नाहीशी झाली नाही, तिचा एक भाग सर्व्हे नंबरात मुरला.

सर्वांत विलक्षण स्थित्यंतर कुमरी ह्या शब्दाच्या वाट्याला आले. डीट्रिच ब्रँडिस १८५६ मध्ये ब्रह्मदेशात पेगूच्या रानांचा अधीक्षक म्हणून आला. तेथील करेन लोक टाउंग्या करीत. त्यांच्याशी झगडत बसण्याऐवजी त्यांनीच आपल्या जाळलेल्या शेतात पिकाबरोबर सागाची रोपे लावावी आणि शेत सोडताना मागे सागाचे रान ठेवून जावे, अशी योजना तेथे आकारास आली. जंगलखात्याला जवळजवळ फुकटात लागवड मिळाली, शेतकऱ्याला दोन वर्षांचे पीक मिळाले. मात्र त्या तुकड्यावर परत येण्याचा मार्ग त्याने स्वतःच्या हाताने बंद केला. १८६४ मध्ये ब्रँडिस हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक झाला आणि ही पद्धती पुढे देशात इतरत्र पसरली. दक्षिणेत तिला जे नाव पडले ते कुमरी. ज्या शब्दाखाली पूर्वी गुन्हे नोंदविले जात, तोच शब्द वनविद्येच्या पुस्तकांत लागवडीची एक मान्य रीत म्हणून स्थिरावला. आग तीच, राख तीच, राबणारे हातही बहुधा तेच. परत येण्याची पाळी तेवढी गेली. खरे पाहता ह्या शेतीचे सारे शास्त्र त्या पाळीतच होते.

कायद्याच्या भाषेत ही गोष्ट १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात स्पष्ट झाली आहे. राखीव वन जाहीर करताना वाट, चराई, वनोत्पन्न, पाणी अशा हक्कांची चौकशी करावयाची असते. फिरत्या शेतीसाठी मात्र कलम १० मध्ये वेगळी तजवीज आहे. तीनुसार अशी शेती ही सर्व प्रसंगी शासनाच्या नियंत्रणास, निर्बंधास आणि अंती निर्मूलनास पात्र असलेली सवलत मानावयाची. हक्क आणि सवलत ह्या दोन शब्दांत जे अंतर आहे ते पिढ्यांचे आहे. हक्क सिद्ध करता येतो. सवलत मागावी लागते आणि कितीही काळ भोगली तरी तिचा हक्क होत नाही.

विसाव्या शतकात प्रश्नाची मांडणी काही काळ जागतिक झाली. १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने फिरत्या शेतीला उष्ण कटिबंधातील उत्पादनवाढीच्या मार्गातील मोठा अडथळा ठरवून सरकारांना आवाहन केले. त्याच वर्षी त्याच संघटनेने हॅरल्ड कॉन्क्लिन यांचा फिलिपीन्समधील हानुनोओ लोकांच्या शेतीवरील अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात ह्या शेतीमागील वनस्पतिज्ञान, मातीची पारख व काळाचे नियोजन यांचे दर्शन घडले. एकाच छापखान्यातून निघाल्यासारखी ही दोन मते पुढे अनेक वर्षे शेजारी शेजारी नांदली. भारतात माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा (१९९२) व सुमित गुहा (१९९९) यांच्या ग्रंथांनी रानाच्या इतिहासाला नवी दिशा दिली. तरीही ह्या शेतीला निव्वळ निसर्गस्नेही ठरविण्याचा मोह टाळावयास हवा. सह्याद्रीच्या धुवाधार पावसात, जांभ्याच्या पातळ थरावर, आखूड फेऱ्याची कुमरी माती गमावतेच.

उत्तर कोकणात दळी पुरती गेली नाही. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात वनखात्याने कातकरी-ठाकुरांना काही तुकडे अटींवर कसावयास दिले. हे तुकडे ठरलेले होते. ते सोडून दुसऱ्या उतारावर जाण्याची मुभा नव्हती. कसणारा पिढ्यानुपिढ्या त्याच तुकड्यावर राहिला आणि तुकड्याचे नाव दळीच राहिले. पूर्वी ज्या शब्दाने जाळून पेरलेला आणि मग सोडून दिलेला उतार ओळखला जाई, त्याच शब्दाने आता न सोडता येणारा उतार ओळखला जाऊ लागला. अर्थसंकोचाची आणि अर्थांतराची उदाहरणे कोशांतून पुष्कळ सापडतात. प्रशासनाच्या एका अटीने शब्दाचा अर्थ असा उलटा फिरल्याचे उदाहरण विरळा. ज्यांना असा तुकडा मिळाला नाही किंवा मिळालेल्यावर भागले नाही, ते कोळशाच्या भट्ट्यांकडे आणि पुढे वीटभट्ट्यांकडे वळले. कातकऱ्यांचे वर्षातले आठ महिन्यांचे स्थलांतर, ज्याला आज त्यांचा स्वभावच मानण्याची पद्धत पडली आहे, ते ह्या रूपांतरातून आलेले आहे. शेत फिरावयाचे थांबले तेव्हा माणसे फिरू लागली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने दळीधारकांना दावा करण्यास वाट मिळाली. ह्या कायद्यातील वैयक्तिक हक्क प्रत्यक्ष ताब्यातील जमिनीपुरता, तोही जास्तीत जास्त चार हेक्टरांपर्यंत आहे, आणि ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो. स्थिर झालेली दळी ह्या चौकटीत बसते. विश्रांतीसाठी सोडलेला तुकडा बसविणे अवघड, कारण तो त्या क्षणी कोणाच्याच ताब्यात दिसत नाही. कानड्याच्या घाटावरील कुणब्यांची अडचण आणखी वेगळी आहे. गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप ह्यांचा समावेश २००३ मध्ये अनुसूचित जमातींत झाला. सीमेपलीकडे कर्नाटकात त्यांचेच भाऊबंद हीच मागणी दीर्घकाळ करीत आले आहेत. अनुसूचित नसलेल्या वननिवासीला तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ह्या कायद्याखालील नियमांत सरकारी कागदपत्रे, विहिरी, स्मशाने, देवराया यांच्याबरोबर गावातील वृद्धांचे लिहून घेतलेले निवेदनही पुरावा म्हणून ग्राह्य धरले आहे. १८६० नंतर कुमरीबद्दल ज्यांना दंड झाले त्यांच्या नोंदी वनखात्याच्या दप्तरांत जेथे शिल्लक असतील, तेथे त्याही सरकारी कागदपत्रांतच मोडतात.